सहीच्या वरची ओळ

१

शनिवारी सकाळी प्राचार्य हैबतराव सुर्व्यांनी शंभराव्या अंकाचा गठ्ठा सोडला, वरच्या प्रतीचं शेवटचं पान उघडलं आणि हातातला चहा बशीत सांडला.

अंक होता 'वर्गाबाहेर'चा. पेणच्या कॉलेजातून निघणारं हे आठ पानांचं सायक्लोस्टाइल मासिक विद्यापीठाच्या चाळीसेक कॉलेजांत जायचं. प्राध्यापक मंडळी त्यात आपल्या वर्गातल्या गमती, फजित्या आणि शिकवण्याच्या युक्त्या एकमेकांना सांगायची. शंभरावा अंक म्हणून हैबतरावांनी चारशे प्रतींवर स्वतःच्या हातानं निळ्या शाईत सही ठोकली होती. शेवटच्या पानावर संपादकाचं मनोगत, खाली थोडी मोकळी जागा आणि मग सही, अशी मांडणी होती.

आता त्या मोकळ्या जागेत एक काळी ओळ छापलेली होती:

'या अंकातला पहिला लेख मी लिहिलेला नाही.'

आणि खाली त्यांचीच सही! त्यांनी दुसरी प्रत उघडली, दहावी उघडली, तळाची उघडली. सगळीकडे तेच. शिवाय पन्नास प्रती कालच टपालात पडल्या होत्या आणि त्यातली एक थेट विद्यापीठात निघाली होती.

पहिला लेख 'मिठागरातला तास' हैबतरावांच्याच नावावर होता. प्राध्यापकांनी एकमेकांसाठी वाचनीय कसं लिहावं, हे शिकवायला विद्यापीठ एक नवा विभाग काढणार होतं. त्याचं प्रमुखपद या लेखाच्या जोरावर हैबतरावांच्या खिशात आल्यातच जमा होतं. उद्या रविवारी चार वाजता रोह्याला अंकाचं प्रकाशन आणि तिथंच ती घोषणा!

दहा वाजेपर्यंत हैबतरावांनी चोर ठरवूनही टाकला होता. मशीन चालवतो नाथा, तेव्हा ओळ छापली नाथानं. पण संस्थेचे अध्यक्ष फोनवर म्हणाले, "आधी नीट शोधा, मग हाकला. रोह्याच्या दिघेबाईंना बोलवा. तीस वर्षं कॉप्या पकडल्यात त्यांनी."

ते नाव ऐकलं आणि हैबतरावांचा चेहरा चहापेक्षा जास्त सांडला.

२

सीताबाई दिघे दुपारच्या एस.टी.नं पेणला उतरल्या तेव्हा त्यांच्या मनात समाजसेवेचा लवलेशही नव्हता. त्यांना हैबतरावांची फजिती जवळून बघायची होती.

दहा वर्षांपूर्वी याच कॉलेजात परीक्षेवर असताना त्यांनी एका मुलाच्या मोज्यातून चिठ्ठी काढली होती. मुलगा हैबतरावांच्या मेव्हण्याचा निघाला. हैबतरावांनी शांतपणे अहवाल लिहिला, की चिठ्ठी बाईंनीच ठेवली. खाली अशीच ऐटदार निळी सही! त्या सहीनं दिघेबाईंची तीस वर्षांची अब्रू पाण्यात गेली. निवृत्त होईपर्यंत त्यांना परीक्षेच्या खोलीत कोणी पाऊल टाकू दिलं नाही. तो कागद त्या अजून विसरल्या नव्हत्या आणि विसरायचा त्यांचा विचारही नव्हता.

"बाई, जुनं सगळं विसरून जाऊ," हैबतराव खुर्ची पुढं करत म्हणाले.

"तुम्ही विसरा. माझी स्मरणशक्ती चांगली आहे," बाई म्हणाल्या आणि त्यांनी पर्समधून भिंग काढलं.

ओळ आणि सही दोन्ही त्यांनी भिंगाखाली बघितल्या. सहीचं शेपूट वर वळून ओळीतल्या शेवटच्या शब्दाला भिडलं होतं आणि काळी शाई निळ्या शाईच्या वरून गेली होती. म्हणजे आधी सही झाली, मग ओळ छापली गेली.

"सह्या कधी केल्यात?"

"गुरुवारी संध्याकाळी. मग पानं माझ्या खोलीत, कुलपात. शुक्रवारी बारा वाजता मी ती स्टाफरूममध्ये ठेवली आणि जेवायला घरी गेलो. तीन वाजता सगळ्यांनी बसून भराभर अंक बांधले, पानं वाचत कोण बसतंय?"

"म्हणजे बारा ते तीन. त्या वेळी नाथा कुठं होता?"

"असणार मशीनपाशी. दुसरा कुठं जाणार?"

बाईंनी मान हलवली. मग त्यांनी अट घातली. "मी चोर शोधून देते. पण त्याचं नाव मी उद्या सभेत, सगळ्यांसमोर सांगणार. आणि तोवर कोणाला हाकलायचं नाही."

सगळ्यांसमोर म्हटल्यावर हैबतरावांचे डोळे चमकले. "उत्तम! तसंच होऊ दे."

३

नाथा ठाकूर कासू गावचा. नऊ वर्षं रोजंदारीवर मशीनचं हँडल फिरवून त्याच्या उजव्या दंडाला गोळा आला होता. कायम करण्याची त्याची शिफारस महिनाभर हैबतरावांच्या टेबलावर सहीची वाट बघत पडली होती.

"बाई, मी नाय केलं," तो दारातूनच म्हणाला. "आता कागद फाडतील सायेब. मग डोलवीला कंपनीत कंत्राटावर जायचं. या वयात शिफ्ट कोन करनार?"

"काल बारा ते तीन कुठं होतास?"

"रोह्याला! सायबांनीच धाडलं. निमंत्रनांचा गठ्ठा कंडक्टर घेईना, मंग मीच बशीत बसलो. भरत सरांच्या हातात दिला. परत आलो तवा तीन वाजून गेलेलं, अंक बांधायला बसलेली सगळी."

भरत सर हे रोह्याच्या कॉलेजातले सहसंपादक. हैबतरावांच्या खुर्चीवर त्यांचा डोळा आहे हे सगळ्या जिल्ह्याला माहीत होतं. बाईंनी ऑफिसातून त्यांना फोन लावला. "नाथा आला होता ना," भरत सर म्हणाले. "दीड वाजता स्टँडवर मीच भेटलो. चहासुद्धा घेतला आम्ही. का हो? आमच्या संपादकांचं काही बरंवाईट झालं का?" शेवटच्या प्रश्नातली आशा त्यांना लपवता आली नाही.

म्हणजे एका फोनमध्ये दोघं सुटले. नाथाला रोह्याला आपणच पाठवलं हे हैबतराव सोयीस्कर विसरले होते, हेही बाईंनी मनाशी टिपून ठेवलं.

"नाथा, तू लेख वाचलास?"

"मशीनवर चढवताना वाचतोच की. चांगला हाय." तो जरा घुटमळला. "निस्तं एक..."

"एक काय?"

"काय नाय. मोठ्या मानसांनी लिवलेलं. आपन कशाला बोला?"

बाईंनी ताणलं नाही. पण नाथाच्या ओठांच्या कोपऱ्यात हसू दाबलेलं होतं आणि नोकरी जायची पाळी आलेल्या माणसाला हसू का यावं, हे त्यांना कळेना.

४

टायपिस्ट शिल्पा गणपतीच्या मूर्तींच्या कारखानदाराची मुलगी. तिची जीभ तिच्या वडिलांच्या पटाशीइतकी धारदार होती.

"ओळ माझ्याच टाइपरायटरवर झालीय. अक्षर बघूनच ओळखलं मी," ती म्हणाली. "मला आनंद झाला का म्हणाल, तर हो, झाला. भावाच्या लग्नाला दोन दिवस रजा दिली नव्हती त्यांनी. पण मी काल साडेबारा ते तीन कारखान्यात डबा द्यायला गेले होते. मशीनही चालवता येत नाही मला. शाईनं नखं खराब होतात."

"लेख टाइप करताना हस्ताक्षर कोणाचं होतं?"

"सायबांचंच. जसं दिसलं तसं मी टाइप केलं. प्रुफं दिपिका मॅडमनी तपासली. दर वेळी त्याच तपासतात. तासाप्रमाणे पगार मिळणाऱ्या मास्तरणीवर दुसरं काय लादणार?"

बाईंनी जुने अंक मागवून घेतले आणि स्टाफरूमच्या खिडकीत वाचत बसल्या. हैबतरावांचे पहिल्या सहा वर्षांतले लेख वाचताना त्यांना दोनदा जांभई आली. 'अध्यापन ही एक तपश्चर्या आहे' अशी सुरुवात आणि तिथून थेट उपदेशाचा धबधबा. गेल्या दीड वर्षातले तीन लेख मात्र वेगळे होते. पहिल्या ओळीत वर्ग समोर उभा राहायचा, मधे मास्तराची फजिती आणि शेवटी वाचणाऱ्याच्या डोक्यात भुंगा सोडणारा एखादा प्रश्न. आणि त्या लेखांतला मास्तर कधीच खुर्चीत बसत नव्हता. तो खिडकीत टेकायचा, मागच्या बाकाशी उभा राहायचा, व्हरांड्यात वह्या तपासायचा.

शंभराव्या अंकातला लेखही तसाच. मिठाच्या सत्याग्रहाचा धडा शिकवायला मास्तर मुलांना थेट मिठागरात घेऊन जातो. तिथं किमया नावाची मुलगी विचारते, 'इंग्रजांनी कर नेमका कशावर लावला? समुद्रावर, की उन्हावर?' बाईंनी ते वाक्य दोनदा वाचलं. असला प्रश्न लिहायला तो कानांनी ऐकावा लागतो आणि हैबतरावांनी आयुष्यात कोणाचं ऐकलेलं नव्हतं.

तेवढ्यात दिपिका म्हात्रे आत आली. पंचविशीची, साध्या साडीतली, इतिहास शिकवणारी. स्टाफरूममध्ये तेरा खुर्च्या होत्या, पाच रिकाम्या होत्या, तरी ती खिडकीला टेकून उभी राहिली.

"बस की गो," बाई म्हणाल्या.

"सवय नाही, बाई. या सगळ्या कायम लोकांच्या खुर्च्या आहेत."

बाईंच्या हातातला अंक आपोआप मिटला.

५

"काल दुपारी मी इथंच होते," दिपिका म्हणाली. "डबा खाल्ला आणि वह्या तपासल्या. कोणी आलेलं दिसलं नाही."

"तुझं गाव?"

"इथलंच, पेण."

"बरं. उद्या सकाळी दहाला रोह्याला ये. सभेच्या आधी थोडं बोलू."

"दहाला नाही जमणार, बाई. उद्या पौर्णिमा. बाराच्या सुमाराला उधाण लागेल, बांधावर घरचं एकूण एक माणूस..." ती एकदम थांबली.

"पेण गावात कुठला बांध?" बाईंनी हळूच विचारलं.

उत्तराची वाट बाईंनी बघितली नाही. त्या उठून तडक मशीनच्या खोलीत गेल्या. नाथा तिथं हात पुसत बसला होता.

"नाथा, लेखात तुला हसू कशाचं आलं ते आता सांग. तुझी नोकरी त्यात आहे."

नाथानं डोकं खाजवलं. "बाई, त्यात लिवलंय, 'नवमीचं उधाण आलं, म्हाताऱ्यानं उघाडी उघडली आणि खाडी मिठागरात शिरली.' आवो, नवमीला कसलं उधाण? नवमीला भांगाचं पानी, एकदम कमी. ते उघाडीच्या फळीला पन लागायचं नाय! उधाण अवसंला नायतर पुनवंला. आमच्याकडं शेंबडं पोर सांगंल."

उघाडी म्हणजे बांधातलं लाकडी दार. ते कधी उघडायचं हे खाडीकाठी घड्याळ सांगत नाही, तिथी सांगते.

बाईंनी शिल्पाकडून प्रुफाचा कागद मागून घेतला. तांबड्या शाईत चौदा दुरुस्त्या होत्या. साल चुकलं होतं ते सुधारलेलं, मुलांची संख्या तीसची एकतीस केलेली, मिठाच्या फावड्याचं नावसुद्धा बदललेलं. आणि नवमीच्या ओळीवर एक ठिपकासुद्धा नव्हता.

तो कागद घेऊन बाई परत खिडकीपाशी आल्या आणि तो त्यांनी दिपिकासमोर धरला.

"फावड्याचं नाव सुधारणाऱ्या बाईला नवमी दिसली नाही? घरच्या बांधाला उधाण कधी लागतं हे जिला तोंडपाठ, तिला? तुला चूक दिसली आणि तू ती राहू दिलीस. कारण तूच ती तिथं ठेवली होतीस."

दिपिका खिडकीच्या गजाला धरून उभी राहिली. मग ती बोलायला लागली, आणि इतक्या दिवसांचं साठलेलं सगळं बाहेर पडलं.

"तीन लेख, बाई. 'जरा बघून देतो' म्हणून घ्यायचे आणि त्यांच्या नावावर छापायचे. प्रुफं मीच तपासायची! माझंच लिहिलेलं, त्यांच्या अक्षरात! बोलणार कोणाजवळ? दर जूनला त्यांच्या सहीनं मला पुन्हा घेतात. त्या सहीचा मला इतका संताप आला, इतका, की म्हटलं, हिचंच तोंड काळं करायचं. चौथा लेख देताना नवमी घातली. खाडीकाठच्या माणसाला कळेल, सायबांसारख्या घाटावरच्याला कळणार नाही. पुढं वाटलं, नुसत्या नवमीनं काय होतंय? मशीन चालवायला नाथाकडूनच शिकले होते. शुक्रवारी शिल्पाच्या टाइपरायटरवर तेवढी एक ओळ स्टेन्सिलवर कापली आणि चारशे पानं मशीनमधून फिरवली. हँडल फिरवताना इतकं बरं वाटत होतं..."

"वाटणारच," बाई म्हणाल्या. त्यांनाही ऐकताना बरं वाटत होतं, आणि ते त्यांनी स्वतःपासून लपवलं नाही. पण त्यांचा आवाज कडक झाला. "मशीन कोणाचं आहे, याचा विचार केलास? तिकडं नाथाच्या नऊ वर्षांवर पाणी पडतंय."

दिपिकानं गज सोडला. "तो रोह्याला गेला होता ना? मला वाटलं, त्याच्यावर येणारच नाही. मी आत्ता जाऊन सांगते सायबांना."

"तू कुठंही जाणार नाहीस. उद्या उधाण उरकून चारला रोह्याला ये. आणि ती किमया कुठं असते?"

"स्वागतगीतात आहे. पेणहून गाणाऱ्या मुली येणारेत, त्यांच्यात."

"छान," बाई म्हणाल्या आणि हैबतरावांच्या खोलीकडं वळल्या.

६

"सापडला चोर?" हैबतराव ताडकन उठले.

"सापडला. पुराव्यासकट. नाथा नव्हे. त्याला काल तुम्हीच रोह्याला पाठवलं होतं आणि भरत सर साक्षीला आहेत. तेव्हा आधी त्याच्या शिफारशीवर सही करा. कागद मी अध्यक्षांकडं नेऊन देते. मग उद्या नाव."

हैबतरावांनी बाईंकडं बघितलं, कागदाकडं बघितलं आणि फर्र करून सही ठोकली. एक शिपाई कायम झाला काय आणि न झाला काय, उद्या विद्यापीठासमोर चोराची धिंड निघणार होती. बाईंनी शाई वाळेपर्यंत फुंकर घातली आणि कागद पर्समध्ये ठेवला.

रविवारी चारला रोह्याचं सभागृह गच्च भरलं. पुढं विद्यापीठाचे साहेब, मधे प्राध्यापक, मागं शिपाई मंडळी आणि गाणाऱ्या मुली. नाथा खांबाला टेकून उभा होता. साहेबांच्या हातात टपालानं आलेला अंक होता आणि चेहऱ्यावर आठ्या होत्या. दिपिका सगळ्यात शेवटी आली. तिच्या साडीच्या काठाला अजून चिखल होता.

हैबतराव बोलायला उभे राहिले. "माझ्या सहीचा कोणी नीच गैरवापर केला आहे. त्या चोराचं नाव आता दिघेबाई सांगतील."

बाई उठल्या. माइक त्यांना लागतच नसे. "सांगते. त्याआधी लेखाबद्दल एक विचारते. इतका सुंदर लेख मी वर्षानुवर्षं वाचला नव्हता. सर, मिठागरात मुलांना घेऊन तुम्ही स्वतः गेला होतात?"

"अर्थात!"

"पाणी आत घेतलं, तेव्हा तिथी कोणती होती?"

"नवमी. लिहिलंच आहे मी. माझ्या डोळ्यांदेखत म्हाताऱ्यानं उघाडी उघडली. काय ते उधाण! मी बांधावरच उभा होतो."

मागून पहिल्यांदा कोणीतरी फिसकन हसलं. मग नाथा हसला. मग शिपायांच्या रांगा, मग पेण आणि रोह्याकडचे प्राध्यापक, आणि बघता बघता सगळं सभागृह हसायला लागलं. हैबतरावांना काय झालं ते कळेना. हसणाऱ्यांकडं बघून तेही थोडे हसले, आणि मग तर लोकांना आवरेना.

"सर, नवमीला खाडीत चूळ भरायला पाण्याची मारामार," बाई म्हणाल्या. "उधाण आजच्यासारख्या पौर्णिमेला येतं नाहीतर अमावास्येला. ज्यानं लिहिलं त्याला हे माहीत होतं. ज्यानं उतरवून घेतलं त्याला नव्हतं. कॉपी करणारा चूकसुद्धा कॉपी करतो, तीस वर्षं मी त्याच्यावरच पोरं पकडली. किमया कोण आहे गो तुमच्यात? उभी राहा. कराचा प्रश्न तू कोणाला विचारलास?"

स्वागतगीतातली एक सावळी मुलगी उभी राहिली. "दिपिका मॅडमना," ती म्हणाली. "आमी एकतीस जन होतो. अवस होती. सर नव्हते आले."

सभागृहातलं हसू एकदम विरलं. पुढच्या रांगेतल्या साहेबांनी मागं वळून विचारलं, "कोण दिपिका?"

खिडकीला टेकलेली दिपिका सरळ उभी राहिली. "मी. हा लेख माझा आहे. आधीचे तीनही माझेच."

भरत सरांनी आपली खुर्ची उचलून तिच्याजवळ नेऊन ठेवली. त्यांचा हेतू कितपत शुद्ध होता देव जाणे, पण खुर्ची खरी होती आणि दिपिका तिच्यावर बसली.

"चोराचं नाव सांगायचं कबूल केलं होतं," बाई हैबतरावांकडं वळल्या. "हैबतराव सुर्वे."

हैबतरावांच्या कपाळाची शीर तटतटली. "आणि ती ओळ? माझ्या सहीवर छापलेली ओळ? तो गुन्हा नाही? ती कोणी छापली ते सांगा!"

दिपिका खुर्चीतून अर्धी उठली. बाईंनी नुसत्या डोळ्यांनी तिला खाली बसवलं. मग त्यांनी अंक उघडून शेवटचं पान हैबतरावांसमोर धरलं. दहा वर्षं या क्षणाची वाट बघितली होती त्यांनी, त्यामुळं घाई अजिबात केली नाही.

"ओळीत लिहिलंय ते खोटं आहे का, सर?"

हैबतरावांनी पानावरची नजर काढून साहेबांकडं वळवली.

"आणि खालची सही कोणाची आहे?"

"...माझी."

"मग झालं तर," दिघेबाई म्हणाल्या आणि त्यांनी अंक मिटला. "दहा वर्षांत पहिल्यांदा तुमची सही खऱ्याखाली पडली."